दोन फाशांचा अवकाश-खेळ घरी बनवताना: आधी गणित, मग पेन्सिल, छपाई सगळ्यात शेवटी

फासे टाकायचे, आलेल्या आकड्याप्रमाणे कमाई घ्यायची, त्या कमाईतून नवं यान विकत घ्यायचं आणि पुढच्या फाशाला आधीपेक्षा जास्त मिळवायचं. ‘स्पेस बेस’ (२०१८, रचनाकार जॉन डी. क्लेअर) ज्यांनी खेळलाय त्यांना ही घडण ओळखीची आहे. असा खेळ मराठीत, आपल्या इस्रोच्या यानांसह घरी बनवायचा म्हटला की बहुतेकांचं काम एकाच जागी फसतं. आधी सुंदर रंगीत कार्डं छापून घेतली जातात आणि पहिल्याच डावात लक्षात येतं की ९ च्या कप्प्यातलं कार्ड कुणी घेतच नाही, ६ चं कार्ड ज्याला मिळालं तोच जिंकतो आणि खेळ दोन तास संपत नाही. मग दुरुस्ती करायची तर सगळं पुन्हा छापा.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी जमली तरच पुढे जा. आकडे दोन ते चार खेळाडू आणि साधारण तासाभराचा डाव धरून दिले आहेत.

## हाताशी काय हवं

पहिल्या पाच टप्प्यांसाठी फार काही लागत नाही. सहा बाजूंचे दोन फासे, चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, स्टीलची ३० सेंमी पट्टी, कटर आणि घरात साठलेल्या जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेच्या आतल्या कोऱ्या बाजूचा जाड कागद चाचणीच्या कार्डांना उत्तम. त्यावर पेन्सिल नीट उठते आणि चार वेळा खोडलं तरी कागद फाटत नाही.

आकडे सरकवायला शर्टाची बटणं घ्या, प्रत्येक खेळाडूला तीन याप्रमाणे बारा. शिलाईचं साहित्य विकणाऱ्या कुठल्याही दुकानात चार रंगांत मिळतात. गोल मणी घेऊ नका, बोर्डाला धक्का लागला की ते घरंगळतात आणि कुणाचे किती गुण झाले हे कुणालाच आठवत नाही.

फाशांची तपासणी: लुडोच्या डब्यातले गोल कडांचे हलके फासे कधीकधी एका बाजूला झुकतात. एक फासा १२० वेळा टाकून नोंद करा. प्रत्येक आकडा सरासरी २० वेळा यायला हवा. एखादा १२ पेक्षा कमी किंवा २८ पेक्षा जास्त वेळा आला तर पुन्हा १२० वेळा टाका. दुसऱ्यांदाही तोच आकडा तसाच वागला तर फासा बदला. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ आहे हेही पाहून घ्या.

## टप्पा १: ३६ शक्यतांचा तक्ता

खेळाचा गाभा असा: प्रत्येकासमोर एक बोर्ड, त्यावर १ ते १२ असे बारा कप्पे. दोन फासे पडले की खेळाडू दोनपैकी एक निवडतो. एक तर दोन्ही फासे सुटे मोजायचे (३ आणि ५ पडले तर कप्पा ३ आणि कप्पा ५), नाहीतर बेरीज धरायची (फक्त कप्पा ८).

इथे जवळजवळ प्रत्येकजण एकच गृहीत धरतो की दोन फाशांत ७ सर्वांत जास्त येतो, म्हणजे ७ चा कप्पा सर्वांत मोलाचा. फक्त बेरीज मोजायची असती तर ते बरोबर ठरलं असतं. पण सुटं मोजायची मुभा दिली की चित्र साफ बदलतं. वहीत सहा बाय सहाचा तक्ता आखा आणि प्रत्येक कप्प्याला ३६ पैकी किती वेळा संधी मिळते ते मोजा:

- कप्पा १: ११
- कप्पा २: १२
- कप्पा ३: १३
- कप्पा ४: १४
- कप्पा ५: १५
- कप्पा ६: १६
- कप्पा ७: ६
- कप्पा ८: ५
- कप्पा ९: ४
- कप्पा १०: ३
- कप्पा ११: २
- कप्पा १२: १

कारण सोपं आहे. १ ते ६ मधला कुठलाही आकडा निदान एका फाशावर येण्याच्या ११ शक्यता असतात, आणि बेरजेतून तोच आकडा येण्याच्या शक्यता त्यात मिळवायच्या. ६ साठी ११ आणि ५ मिळून १६. सातपासून पुढे सुटा फासा पोचतच नाही, उरते ती फक्त बेरीज. त्यामुळे ६ आणि ७ च्या मध्ये एकदम कडा कोसळल्यासारखा उतार आहे. ज्याने ६ आणि ७ च्या कार्डांना सारखी किंमत लावली त्याचा खेळ तिथेच बिघडला.

या यादीतल्या आकड्याला पुढे आपण कप्प्याचा ‘वाटा’ म्हणू.

तपासणी: तक्ता स्वतःच्या हाताने भरा, वरची यादी नुसती उतरवू नका. दोन्ही फाशांवर तोच आकडा पडला (४-४) तर सुट्या मोजणीत त्या कप्प्याची कमाई दोनदा मिळते. हे नियमांत स्पष्ट लिहायचं आहे, म्हणून तक्त्यात ती सहा घरं वेगळ्या खुणेने दाखवा.

## टप्पा २: सुरुवातीची बारा कार्डं

डाव सुरू होताना प्रत्येकाच्या बाराही कप्प्यांत एकेक साधं कार्ड असतं. प्रत्येक कार्डाला दोन कमाया:

- निळी: स्वतःच्या फेकीला मिळणारी. कार्ड कप्प्यात बसलेलं असताना चालते.
- लाल: दुसऱ्याच्या फेकीला मिळणारी. नवं कार्ड आलं की जुनं, वरची बाजू खाली येईल असं फिरवून, बोर्डाच्या वरच्या कडेखाली सरकवायचं. तेव्हापासून त्याची लाल कमाई चालू.

लाल कमाईमुळेच दुसऱ्याच्या फेकीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले राहतात. ती काढून टाकू नका.

सुरुवातीच्या कार्डांसाठी चालणारे आकडे असे: निळी कमाई कप्प्याच्या निम्मी, अपूर्णांक आला तर वरचा आकडा. म्हणजे १ ला १, २ ला १, ३ ला २, ४ ला २, ५ ला ३, ६ ला ३, असं करत १२ ला ६ नाणी. लाल कमाई १ ते ६ साठी १ नाणं, ७ ते १२ साठी ३ नाणी.

या आकड्यांचा फायदा असा की सुट्या मोजणीतून सरासरी ४ नाणी येतात आणि बेरजेतून ३.७५. दोन्ही फासे विषम पडले तरच सुटं मोजणं १ नाण्याने फायद्याचं, एरवी दोन्ही सारखं. नवखा खेळाडू पहिल्या दोन फेऱ्यांत कसाही वागला तरी त्याचं फारसं नुकसान होत नाही. निवड खरी अवघड होते ती त्याने स्वतः विकत घेतलेल्या कार्डांमुळे, आणि खेळाची सगळी मजा तिथे आहे.

आता ज्या चुकीने सर्वाधिक घरगुती खेळ मोडतात ती. बेरीज घ्यायची म्हणजे दोन्ही फाशांची सुटी कमाई सोडायची. म्हणून वरच्या कप्प्यातल्या कार्डाचं मोल मोजताना त्यासाठी काय सोडलं ते वजा करावं लागतं. सुरुवातीच्या कार्डांवर ही सोडलेली रक्कम अशी येते: ७ साठी ४ नाणी, ८ साठी ४ किंवा ५, ९ साठी ५, १० साठी ५ किंवा ६, ११ आणि १२ साठी ६.

म्हणजे ९ च्या कप्प्यासाठी ‘५ नाणी’ देणारं कार्ड छापलंत तर त्याची खरी किंमत शून्य आहे. ३-६ किंवा ४-५ पडले की सुटं मोजूनही ५ च मिळतात. खेळणाऱ्याला हे आकड्यांत सांगता येत नाही, पण दोन डावांत हाताला कळतं आणि ते कार्ड बाजारात, म्हणजे विकायला मांडलेल्या कार्डांत, पडून राहतं. वर डाव पुढे जाईल तसे खालचे कप्पे सुधारत जातात, त्यामुळे सोडायची रक्कमही वाढत जाते.

सावध: वरच्या कप्प्यांची भरपाई नुसत्या नाण्यांनी होत नाही. ६ च्या कप्प्यात ३ नाणी देणाऱ्या कार्डाची बरोबरी करायला १२ च्या कप्प्यात ४८ नाणी द्यावी लागतील, आणि ३६ फेकींत एकदा येणाऱ्या ४८ नाण्यांवर कुणी डाव आखत नाही. ७ ते १२ मध्ये नाण्यांऐवजी भत्ता, गुण आणि फासा बदलण्याची ताकद ठेवा (हे तिन्ही टप्पा ३ मध्ये समजावले आहेत).

## टप्पा ३: बाजारातली ४८ कार्डं आणि त्यांची किंमत

तीन पातळ्या करा: पहिलीत २४ कार्डं (प्रत्येक कप्प्याला दोन), दुसरीत १२, तिसरीत १२ (प्रत्येक कप्प्याला एकेक). किमती साधारण ३ ते ६, ७ ते ११ आणि १२ ते १८ नाणी.

नेमकी किंमत अंदाजाने लावू नका. प्रत्येक कार्डासाठी हा हिशेब मांडा:

(नवी निळी − जुनी निळी) × वाटा, त्यात मिळवा (जुन्या कार्डाची लाल कमाई × वाटा × बाकीचे खेळाडू), आणि सगळ्याला ३६ ने भागा.

उत्तर म्हणजे ते कार्ड दर फेरीला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक फेरी) किती जास्त नाणी आणेल. किंमतीला या आकड्याने भागलं की वसुलीच्या फेऱ्या कळतात.

तीन खेळाडू धरून दोन उदाहरणं. कप्पा ४, निळी कमाई ४: वाढ २, वाटा १४, म्हणजे २८. जुन्या कार्डाची लाल कमाई १ × १४ × २ = २८. एकूण ५६, भागिले ३६ म्हणजे साधारण १.६ नाणी. किंमत ५ ठेवली तर तीन-सव्वातीन फेऱ्यांत वसूल. कप्पा ९, निळी कमाई ९: वाढ ४ × ४ = १६, लाल ३ × ४ × २ = २४, एकूण ४०, म्हणजे १.१ नाणी. किंमत ४ ठेवली तर साडेतीन फेऱ्यांच्या आसपास. दिसायला ९ चं कार्ड दुप्पट देतं, तरी ते स्वस्त ठेवावं लागतं.

पहिल्या पातळीची वसुली तीन ते चार फेऱ्यांत बसवा. डाव बारा-चौदा फेऱ्यांचा असेल तर त्याहून हळू कार्ड घेणारा मागेच राहतो. हिशेब अंदाजी आहे, कारण सुटं की बेरीज या निवडीमुळे काही कमाई प्रत्यक्षात सोडली जाते. तरीही पहिली किंमत लावायला तो पुरेसा आहे, उरलेलं चाचणीत सापडतं.

नाण्यांपलीकडच्या गोष्टी:

भत्ता. फाशांवर अवलंबून नसलेली कमाई. १ भत्ता म्हणजे जवळजवळ दर फेरीला १ नाणं, म्हणून त्याला ३ ते ४ नाणी किंमत योग्य. एकट्या भत्त्यावर कुणी पाचच्या वर सहज जाऊ लागला तर भत्त्याची कार्डं कमी करा.

फासा १ ने बदलणं. ही ताकद दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे. ९ च्या कप्प्याला एरवी ४ शक्यता, पण एक फासा एकने वर-खाली करता आला तर ८ आणि १० ची बेरीजही चालते. ५, ४ आणि ३ मिळून १२. संधी तिप्पट झाली. म्हणून ती कायमची देऊ नका. कार्ड लागलं की त्यावर एक बटण ठेवायचं आणि हवं तेव्हा ते बटण खर्चून एकदाच फासा बदलायचा. ६ चा १ किंवा १ चा ६ होत नाही, हे नियमांत लिहा, नाहीतर पहिल्याच डावात वाद.

गुण. मुख्यतः तिसऱ्या पातळीवर ठेवा. ६ च्या कप्प्यात २ गुण देणारं कार्ड दर फेरीला साधारण ०.९ गुण देतं.

तळ. ही वेगळी १२ कार्डं, प्रत्येक कप्प्याला एक. तळ बसवला की ठरलेले गुण लगेच मिळतात आणि तो कप्पा नव्या यानांना कायमचा बंद. तिथली निळी कमाई जाते, लाल राहते. १२ चा कप्पा बंद करण्यात काहीच जात नाही, ६ चा बंद करणं फार महाग पडतं. म्हणून सगळ्यांची किंमत १२ नाणी ठेवून कप्पा १ ते ६ ला ६ गुण आणि ७ ते १२ ला ४ गुण द्या. सगळ्यांना सारखे गुण दिले तर शेवटच्या तीन फेऱ्या सगळेजण फक्त १०, ११, १२ वर तळ उभारत बसतात.

तपासणी: ४८ कार्डांची यादी वहीत किंवा एक्सेलमध्ये एका ओळीत एक अशी मांडा: कप्पा, पातळी, किंमत, निळी, लाल, वसुलीच्या फेऱ्या. पहिल्या पातळीत वसुली अडीचच्या खाली किंवा साडेचारच्या वर गेलेलं कार्ड आत्ताच दुरुस्त करा.

## टप्पा ४: फेरीचा क्रम, शब्दाशब्दाने

नियम तोंडी ठेवले की दर डावाला बदलतात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावतील इतकेच लिहा, याच क्रमाने:

१. ज्याची पाळी तो दोन्ही फासे एकदाच टाकतो.

२. तो निळी कमाई घेतो, बाकीचे लाल. सुटं की बेरीज हे प्रत्येकजण आपापलं ठरवतो, इतरांनी काय निवडलं त्याचा संबंध नाही.

३. पाळीवाला हवं तर एकच कार्ड घेतो, यान किंवा तळ. घेतल्यावर उरलेली नाणीही जातात.

४. पाळीवाल्याची नाणी त्याच्या भत्त्यापेक्षा कमी असतील तर भत्त्याइतकी केली जातात.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर सर्वाधिक चुका होतात. ९ नाणी असताना ६ चं कार्ड घेतलं तर ३ परत मिळत नाहीत, खिसा शून्यावर येतो. आणि भत्ता ‘मिळवायचा’ नसतो, तिथपर्यंत ‘आणायचा’ असतो. भत्ता ३ असेल आणि कार्ड न घेता जवळ १ नाणं उरलं असेल तर ३ होतात. ५ उरली असतील तर ५ च राहतात, ८ होत नाहीत. हे दोन नियम एकत्रच चालतात. खिसा रिकामा करायचा नियम काढून भत्ता ठेवलात तर नाणी साठतात, तिसरी पातळी लवकर संपते आणि खेळ आठव्या फेरीलाच उरकतो.

सुरुवातीला प्रत्येकाला ८ नाणी आणि पहिल्या पातळीतलं एक कार्ड वाटून द्या. कार्डाची किंमत त्या ८ मधून वजा करा, कार्ड आपल्या कप्प्यात बसवा आणि जुनं लाल करा. ही पायरी गाळली तर पहिल्या फेरीत कुणाचंच लाल कार्ड नसतं, दुसऱ्याच्या फेकीला कुणाला काही मिळत नाही आणि नवखे लगेच मोबाइल काढतात.

कुणी २५ गुण गाठले की ती फेरी पुरी करायची, म्हणजे सगळ्यांच्या पाळ्या सारख्या होतात. मग ज्याचे गुण जास्त तो विजयी.

दोघंच खेळणार असाल तर: लाल कमाई फेरीला एकदाच चालते आणि खेळ रेंगाळतो. दोघांच्या पाळ्या झाल्या की एक जादा फेक करा, तिची लाल कमाई दोघांनीही घ्यायची.

## टप्पा ५: पेन्सिलीची कार्डं आणि चाचणी

पत्रिकांच्या कागदातून ३३ × ६६ मिमीचे तुकडे कापा. हेच माप पुढे छपाईत ठेवायचं आहे, कारण ए-थ्री कागदावर बारा कप्पे शेजारी शेजारी बसतात ते याच रुंदीत (१२ × ३३ = ३९६ मिमी). पत्त्यांचं नेहमीचं ६३ मिमी रुंदीचं माप घेतलं तर प्रत्येकाला पाऊण मीटर टेबल लागेल. चार जणांचं असं टेबल कुठल्याच घरात नसतं.

पहिला डाव एकट्याने, दोघांच्या बाजूने खेळा. दुसरा घरच्यांबरोबर. तिसरा अशा माणसांबरोबर ज्यांना नियम तुम्ही तोंडाने सांगणार नाही, फक्त टप्पा ४ चा कागद हातात द्याल. त्या डावात तुम्ही शेजारी बसून गप्प राहायचं. ते कुठे थांबतात, कुठे एकमेकांना विचारतात, ते लिहून घ्यायचं. तेवढ्याच जागी नियमांची भाषा कच्ची आहे.

प्रत्येक फेकीची नोंद ठेवा: फेरी, पडलेले फासे, सुटं की बेरीज, मिळालेली नाणी, घेतलेलं कार्ड. मग असं वाचा:

- एखादं कार्ड प्रत्येक डावात पहिल्या तीन फेऱ्यांतच उचललं जातंय: किंमत १ ने वाढवा.
- तीन डावांत कुणीच घेतलं नाही: निळी कमाई १ ने वाढवा *किंवा* किंमत १ ने कमी करा. दोन्ही एकदम करू नका, कशाने फरक पडला ते कळत नाही.
- बेरीज पाच फेकींत एकदाही निवडली जात नाही: ७ ते १२ कमजोर आहेत.
- निम्म्याहून जास्त वेळा बेरीजच निवडली जाते: ते फार जड झालेत.
- चौघांचा डाव सव्वा तासाच्या पुढे जातोय आणि सगळ्यांना नियम माहीत आहेत: २५ ऐवजी २० गुणांवर संपवा. कार्डांना हात लावण्याआधी हा उपाय करा.

एका डावानंतर चारपेक्षा जास्त आकडे बदलू नका.

तपासणी: सलग तीन डावांत आकडे बदलावेसे वाटले नाहीत, तरच पुढचा टप्पा. इथे घाई करणाऱ्यालाच दुसऱ्यांदा छपाईचे पैसे मोजावे लागतात.

## टप्पा ६: नावं

विषय नुसता चिकटवलेला नसावा. नाव वाचून कार्ड काय करतं याचा अंदाज आला की नियम सांगावे लागत नाहीत. हवामान उपग्रह पुढचं आधी सांगतो, म्हणून फासा बदलण्याची ताकद त्याला. दळणवळणाचा उपग्रह रोज कमावतो, म्हणून इन्सॅटला भत्ता. चांद्रयान, मंगळयान, आदित्य या दूरच्या मोहिमा, त्यांना गुण.

पातळ्याही तशाच लावता येतात: पहिलीत रोहिणी अग्निबाण आणि छोटे उपग्रह, दुसरीत पीएसएलव्ही या प्रक्षेपकाने गेलेली यानं, तिसरीत एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाची जड उड्डाणं. पण चांद्रयान-१, मंगळयान आणि आदित्य-एल१ हे तिघंही पीएसएलव्हीने गेलेत, तर चांद्रयान-३ एलव्हीएम-३ ने. त्यामुळे प्रक्षेपकावरून पातळी लावायची की मोहिमेच्या पल्ल्यावरून, हे आधी ठरवा आणि मग त्यालाच धरून राहा.

मुलं हे कार्ड शंभर वेळा वाचणार आहेत, म्हणून चित्र आणि नाव बरोबर असायलाच हवं. आर्यभट (१९ एप्रिल १९७५) सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यारहून सुटला, त्यामागे श्रीहरिकोट्याचा मनोरा काढू नका. चांद्रयान-२ चं लँडर २०१९ मध्ये चंद्रावर आदळलं, पण ऑर्बिटर काम करत राहिला, त्यामुळे त्या कार्डाला ‘फसलेली मोहीम’ म्हणणं चूक. अलगद उतरलं ते चांद्रयान-३, २३ ऑगस्ट २०२३ ला. ३३ मिमी रुंदीत तारखा मावत नाहीत आणि लागतही नाहीत, नाव पुरे.

## टप्पा ७: मांडणी आणि छपाई

कार्डाचा वरचा ५० मिमी भाग सरळ: कप्पा, किंमत, नाव, निळी कमाई. खालची १६ मिमी पट्टी लाल कमाईची, आणि ती उलटी छापायची. कार्ड १८० अंशांत फिरवून बोर्डाच्या वरच्या कडेखाली सरकवलं की तीच पट्टी वर डोकावते आणि तेव्हा ती सरळ दिसायला हवी. जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या छपाईत लाल पट्टी सरळ असते आणि डावभर माना वाकड्या करून वाचावं लागतं. छापण्याआधी एक कार्ड कापून, फिरवून, वहीखाली सरकवून बघा.

निळी कमाई चौकोनात आणि लाल वर्तुळात ठेवा. मग काळी-पांढरी झेरॉक्स काढली तरी चालतं आणि रंग ओळखायला अडचण असणाऱ्यालाही खेळता येतं.

ए-फोरवर ६ आडवी, ४ उभी अशी २४ कार्डं बसतात (१९८ × २६४ मिमी). सुरुवातीची ४८ म्हणजे दोन पानं, बाजाराची ४८ म्हणजे दोन, आणि पाचव्यावर १२ तळ अधिक १२ कोरी कार्डं. कार्डांमध्ये फट सोडू नका, एकच रेघ दोन्ही कार्डांची कड असू द्या. कापायचं काम जवळजवळ निम्मं होतं.

देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, म्हणून अक्षर १० पॉइंटच्या खाली नेऊ नका आणि दोन ओळींमध्ये सैल जागा ठेवा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ष्ट’ बारीक अक्षरात भरून जातात.

दुकानात जाताना फाइल पीडीएफमध्येच न्या. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो आणि वेलांट्या भलत्या अक्षराला जाऊन बसतात. सांगलीत विश्रामबागेत किंवा साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला कलर प्रिंट काढणाऱ्याला दोनच गोष्टी सांगा: ३०० जीएसएम आर्ट कार्ड, आणि ‘फिट टू पेज’ नको, शंभर टक्के. साध्या झेरॉक्स यंत्रात इतका जाड कागद अडकतो, म्हणून डिजिटल प्रिंटचं यंत्र आहे का हे आधी विचारा. रंग आणि कापण्याचं काम लग्नपत्रिकावाल्या छापखान्यात चांगलं होतं, पण लग्नसराईत पाच पानांच्या कामाला तिथे कुणाला वेळ नसतो. पितृपक्षात जा. लग्नं नसतात, गणपतीच्या पावत्याही छापून झालेल्या असतात.

तपासणी: प्रत्येक पानाच्या कडेला १०० मिमीची रेघ छापा. पहिलं पान हातात आलं की पट्टी लावा. ९६ किंवा ९७ भरली तर तिथेच थांबवा, कारण कार्डं बोर्डावरच्या कप्प्यांशी जुळणार नाहीत.

लॅमिनेशन करायचंच तर मॅट फिल्म आणि दोन्ही बाजूंना. एका बाजूला केलं की कार्ड वळतं. चकचकीत पाउच लॅमिनेशन नको. ते घसरतं, दिव्याखाली चमकतं आणि कापल्यावर पावसाळी दमट हवेत कडा सुटू लागतात. मेढा, पाटण, महाबळेश्वरकडे राहणाऱ्यांनी तर लॅमिनेशनशिवायचं आर्ट कार्डच ठेवावं.

## टप्पा ८: बोर्ड

ए-थ्रीवर दोन बोर्ड बसतात, प्रत्येकी १४८ मिमी उंचीचे, म्हणजे चौघांना दोन पानं. वर ६६ मिमीत बारा कप्पे, खाली २० मिमीच्या तीन पट्ट्या: नाणी ० ते ३०, भत्ता ० ते १५, गुण ० ते ३०. घर १२ मिमीचं ठेवा, ३१ घरं ३७२ मिमीत येतात.

पान बाइंडरकडच्या २ मिमी पुठ्ठ्यावर चिकटवा. पातळ फेविकॉल ब्रशने पुठ्ठ्याला लावायचा, कागदाला नाही, आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवायचं. मग बोर्डाच्या खालच्या अंगाला डावी, उजवी आणि तळाची कड धरून त्याच पुठ्ठ्याच्या बोटभर पट्ट्या लावा. वरची कड मोकळी राहते आणि लाल कार्डं सहज आत सरकतात. या पट्ट्या नसल्या तर कार्ड सरकवताना बोर्ड उचलावा लागतो आणि वरची बटणं हलतात.

पहिलं लाल कार्ड १६ मिमी बाहेर, दुसरं त्याच्याखाली ३२, तिसरं ४८. चौथं बोर्डाखाली टिकत नाही, ते तिसऱ्याच्या खाली कडेबाहेर तसंच मांडायचं. टेबलावर बोर्डाच्या वर वीतभर जागा सोडून बसा.

कार्डं कापताना आधी सगळे लांब काप, मग आडवे. कटर एकदाच जोर लावून ओढू नका, हलक्या हाताने तीन वेळा. पाते बोथट वाटलं की लगेच एक खाच मोडा, बोथट पात्याने आर्ट कार्डाची कड फुटते आणि फुटकी कड पाठीमागून ओळखू येते. पाठीवर पातळीचा १, २, ३ शिक्का मारा, बाकी पाठ कोरी राहू द्या. दोन्ही बाजू छापल्या की मागचं चित्र एक-दोन मिमी सरकतंच.

उरलेली १२ कोरी कार्डं टाकू नका. दहाव्या डावानंतर एखाद्या कार्डाचा आकडा खटकू लागतो, तेव्हा तो काळ्या जेल पेनने कोऱ्या कार्डावर लिहून बदलून टाकायचा. डबा प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा घ्या आणि जून ते सप्टेंबर आत सिलिका जेलची पुडी ठेवा.